गोणपाटापलीकडचे पाणी

ज्या स्त्रियांना मी पोहायला शिकवले, त्यांपैकी एकीलाही मी पोहताना पाहिलेले नाही. हे वाक्य वाचून वाचकांना शंका येणे स्वाभाविक आहे, म्हणून प्रथम खुलासा करतो. मी व्यवसायाने भूमितीचा शिक्षक. सोलापुरातील मुलांच्या एका शाळेत वर्षभर त्रिकोण आणि वर्तुळे शिकवीत असे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावातील पोहण्याच्या एका बांधीव तलावावर पोहणे. सत्तरच्या दशकात, मोठा दुष्काळ सरून तलावात पुन्हा पाणी आले, तेव्हा तेथे दुपारी बायकांचा तास सुरू झाला. शिकवू शकेल अशी स्त्री काही मिळेना, आणि पुरुषाने पाहायचे नाही हे तर न बोलताच ठरलेले होते. अखेर तोडगा निघाला तो असा : मी पंपघराच्या सावलीत, गोणपाटाच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसावे आणि तेथूनच शिकवावे.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत याची बरीच थट्टा झाली. "आता फळ्याकडे पाठ करून प्रमेय शिकवा म्हणजे झालं," असे एक सहकारी म्हणाले. मला त्यात थट्टेसारखे काही वाटले नाही. कारण मी स्वतः पोहायला शिकलो तो माढ्याला, मामांच्या विहिरीत, आणि मामांनी मला शिकवताना एकदाही विहिरीत डोकावून पाहिलेले नव्हते. पाठीला सुके भोपळे बांधून ते मला पायऱ्यांवरून पाण्यात सोडत आणि स्वतः वर काठावर बसून दोर वळत. "गुडघे हाणतोयस," असा आवाज वरून येई. "श्वास कोंडलास. सोड." त्यांना हे कसे कळते, याचे मला लहानपणी मोठे गूढ वाटे. पुढे स्वतः शिकवू लागल्यावर उलगडले. पाणी चहाडखोर आहे. आत चाललेले सगळे ते बाहेर सांगते. ऐकणारा मात्र हवा.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे विस्ताराने सांगतो. नवशिक्याचा पाय गुडघ्यातून दुमडला, की तळवा पाण्यावर आपटतो आणि 'फटाक्' असा कोरडा आवाज होतो. पाय कमरेपासून सरळ हलला, तर पाण्याखालून जाड, गोल आवाज येतो; डेऱ्यात रवी फिरावी तसा. श्वासाचे त्याहून सोपे. जो पाण्यात तोंड घालून श्वास सोडतो, त्याचे बुडबुडे ऐकू येतात आणि वर आल्यावर त्याला लहानसा घोट पुरतो. जो श्वास कोंडतो, त्याच्याकडून आधी काहीच ऐकू येत नाही आणि मग एकदम 'हक्' येतो. असा मनुष्य दमणार, हे न पाहता सांगता येते.

शिकणाऱ्यालाही ऐकावे लागते. लोकांना वाटते, नाकात पाणी जाण्याची भीती सर्वांत मोठी. माझ्या अनुभवात बहुतेकांची भीती कानांत असते. कान बुडाले की जगाचा आवाज एकाएकी बंद होतो, माणूस दचकून मान वर काढतो, आणि मान वर गेली की पाय खाली जातात. तालमीतला एक धिप्पाड पैलवान सकाळी पुरुषांच्या तासाला माझ्याकडे येत असे. आखाड्यात कोणाला न भिणारा तो गडी, कान बुडताच माझा दंड असा आवळी की बोटांचे वळ उठत. म्हणून माझा पहिला धडा पायांचा नसे, हातांचाही नसे. कठडा धरा, कान बुडवा आणि आत काय ऐकू येते ते मला येऊन सांगा. कोणी सांगे, छातीतले ठोके. कोणी सांगे, पलीकडच्याचे पाय. ज्याला काहीतरी ऐकू आले, त्याची निम्मी भीती गेली असे मी धरून चाले.

आता पडद्याविषयी. तो गौराक्कांनी शिवला होता. गौराक्का म्हणजे भवानी पेठेतील एका आडत दुकानाच्या मालकीणबाई. वय पन्नाशीच्या पुढे, माहेर अक्कलकोटकडचे, बोलणे अर्धे कानडी आणि अर्धे सोलापुरी. दुकानातील शेंगांची पोती उसवून त्यांनी स्वतःच्या हाताने हा पडदा केला होता, आणि उन्हात त्याला भुईमुगाचा वास सुटे. उमा या आपल्या नव्या सुनेला घेऊन त्या रोज येत. स्वतः मात्र पाण्याला पायही लावीत नसत. काठावर पाट टाकून, शेजारी लांब बांबू ठेवून बसत. "माझ्या घरातल्या पोरीला पाणी आलंच पायजे," एवढेच त्यांनी पहिल्या दिवशी मला पडद्यापलीकडून ऐकवले होते. का, ते सांगितले नव्हते.

माझ्या सूचना पाण्यातल्या बायकांना नीट ऐकू जात नसत. त्यामुळे मी गौराक्कांना सांगायचे आणि त्यांनी पुढे सांगायचे, अशी पद्धत पडली. त्या निव्वळ निरोप्या नव्हत्या, संपादनही करीत.

"मांडीपासून पाय हलवा, गुडघ्यातून नको," असे मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

मग गौराक्का पडद्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, तो शब्द नगा काढू. लेकीबाळी हैत की हितं."

मी ओशाळलो, आणि भूमितीचा आश्रय घेतला. कंबर हा केंद्रबिंदू समजा, पाय ही त्रिज्या. त्रिज्या कधी मोडत नाही. ती सरळच राहते.

गौराक्कांनी मागे वळून जाहीर केले, "सर म्हंत्यात, उद्या येताना कंपासपेटी आणा!"

हसण्याचा एवढा कल्लोळ झाला की त्या दिवशी पुढे काही शिकवता आले नाही. पण 'त्रिज्या' हा शब्द तलावात राहिला. सरळ पायाला तेथे दुसरे नावच उरले नाही. ओल्या साडीचे ओझे होते म्हणून मी पायजमे घालून यायला सांगितले, तर प्रत्येकीने नवऱ्याचे आणले. "आमच्या घरचे पायजमे पवायला शिकले," गौराक्का म्हणत, "मालक राहिले काठावर."

असे सगळे आनंदात चालले असताना तलावाच्या समितीचे चिटणीस एके दिवशी माझ्या खुर्चीपाशी आले. गृहस्थ वाईट नव्हते. जबाबदारीला भिणारे होते. त्यांचे म्हणणे असे : आत पुरुष जाऊ शकत नाही आणि आत असलेल्या बायकांपैकी कोणी बुडत्याला काढू शकत नाही. उद्या काही झाले तर? उन्हाळा संपेपर्यंत तळाची वीट वर आणणारी आणि बुडत्या माणसाला काठाला ओढून आणणारी एक बाई तयार करा. तिला आम्ही देखरेखीसाठी पगारावर ठेवू. नाही झाली, तर पुढच्या वर्षापासून बायकांचा तास बंद. यात खोट काढण्याजोगे काही नव्हते, आणि हीच अडचण होती.

ती बाई कोण, हा प्रश्न मला पडला नाही. ती नरसम्मा. तेलुगू विणकरांच्या घरातली, तिशीची. यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरीत असे आणि पहाटेची पाळी संपवून तलावावर येई. तिचे पाय मी ऐकले होते. लय कधी तुटत नसे. सुरुवातीला मात्र मी तिला हट्टी समजत होतो. थांबा म्हटले तरी ती थांबत नसे. शेवटी गौराक्कांनीच सांगितले, "अवो सर, तिला कुटं ऐकू येतंय? मागाच्या खडखडाटात कान गेल्यात तिचे. ती माझ्या तोंडाकडं बघून समजती." शेडमधील बायका अशाच ओठांवरून बोलणे ओळखतात, हे मला ठाऊक नव्हते. पण पाण्याखाली ओठ दिसत नाहीत, आणि वीट काढणे तर पाण्याखालीच.

उपाय योगायोगाने सापडला. पंपघरातून निघालेला लोखंडी नळ माझ्या खुर्चीच्या पायाला लागून पडद्याखालून जाई आणि तलावाच्या भिंतीतून पाण्यात उतरे. एका दुपारी त्याचा जाम झालेला व्हॉल्व्ह सैल करण्यासाठी मी त्यावर पाना हाणला. तोच पलीकडे कोणीतरी उसळून वर आले.

"एवरु कोट्टारु?" नरसम्मा ओरडली आणि लगेच मराठीत आली, "कोन हाणलं? डोक्यात वाजलं की माझ्या!"

"ह्यांनी, ह्यांनी," गौराक्का म्हणाल्या. "मास्तरांनी छडी काढली बघ."

मी पुन्हा एक ठोका दिला. नरसम्मा कान बुडवून ऐकते आहे, असे गौराक्कांनी सांगितले, आणि लगेच तिचे हसू ऐकू आले. पाण्यात आवाज वेगाने जातो हे शाळेत शिकवतात, पण तो हवेतल्यापेक्षा जवळचा वाटतो हे अनुभवावे लागते. तो कानात येत नाही, कवटीतच येतो. ज्या बाईला पडद्याआडचा माझा शब्द कधी पोचला नव्हता, तिला पाना नीट पोचत होता. त्या दिवसापासून आमची भाषा ठरली. एक ठोका : सुरू करा. दोन ठोके : थांबा. आणि सतत ठोके : जिथे असाल तिथून काठ धरा, का ते विचारू नका. हा शेवटचा ठोका मी अधूनमधून सरावासाठी देत असे. बायका कुरकुरत, पण काठ धरीत.

नरसम्मा उथळ आणि खोल पाणी वेगळे करणाऱ्या दोराच्या पलीकडे, खोल बाजूला विटेचा सराव करू लागली. श्वासाचे आकडे ती तेलुगूत मोजी, ओकटी, रेंडु, मूडु; दोराअलीकडे कानडी ओंदु, एरडु चाले, आणि मी माझ्या बाजूला मराठीत जुळवणी करी. वीट वर येई ती फरशीवर 'ठक्' अशी वाजे. एवढ्यावर मी समाधानी असे.

उमा आता काठ सोडून पोहू लागली होती. मितभाषी मुलगी, तिचा बोलण्याचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. पण पाण्यात श्वास सोडताना ती नकळत एक बारीक 'हूं' असा स्वर काढी, भुंगा घुमावा तसा. चार बायकांच्या गलबल्यातही तो वेगळा कळे.

सुटी संपत आली असतानाची ती दुपार होती. पलीकडे नेहमीसारखी धांदल होती : पाय वाजत होते, कोणी हसत होते, लोणच्याच्या कैऱ्यांचा भाव चालला होता. माझ्या लक्षात आले की भुंगा थांबला आहे. मी पुढच्या श्वासाची वाट पाहिली. तो आला नाही.

"गौराक्का, उमा कुठे आहे?"

"हाय की, दोराजवळ. उभीच्या उभी पवतीय बघा. सुम्मने, कसं गप."

गप. वाचकहो, या व्यवसायात एकच गोष्ट मला प्रत्येकाने लक्षात ठेवावीशी वाटते. जो ओरडतो त्याच्याकडे श्वास आहे, म्हणजे वेळ आहे. बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते आणि मिळेल तो श्वास आत घेण्यातच संपतो. पाहणाऱ्याला वाटते, छान तरंगतो आहे.

मी पाना उचलला आणि नळावर हाणत राहिलो. पलीकडे पाणी फुटल्यासारखा आवाज झाला. सगळ्या काठाकडे निघाल्या होत्या. मी ठोके न थांबवता उभा राहिलो आणि डाव्या हाताने पडदा धरला. तो खांबाला पक्का शिवलेला होता. मी तो ओढला, आणि मग खांदा लावला. आत गेलो तर उद्यापासून कोणाच्या घरचे माणूस येथे येणार नाही, हे मला कळत होते. त्याचा विचार करायला मी थांबलो असे मात्र मला आठवत नाही.

"उमा! काठ धर की गं! उमा!" गौराक्का ओरडल्या. उमाने काठ धरला नव्हता.

त्याच वेळी नरसम्मा तळाशी होती. ठोके ऐकून ती वीट टाकून वर निघाली, आणि वर येता येता तिला दोरापाशी दोन पाय दिसले. ते पोहत नव्हते, अदृश्य पायऱ्या चढत होते. हे तिने मागाहून सांगितले. मला ऐकू आला तो पाण्याचा एक मोठा उसासा, मग ओढण्याचा जड आवाज, आणि मग गौराक्कांचा घोगरा शब्द : "थांबा, सर! काढली. काढली तिनं."

पाठोपाठ खोकला आला. त्या उन्हाळ्यात मी ऐकलेला सर्वांत गोड आवाज तो होता. खोकणारा माणूस श्वास घेत असतो. माझ्या हातात पडद्याची फाटकी कड होती. मी ती सोडली आणि खुर्चीवर बसलो.

त्या दिवशी गौराक्का तशाच सुनेला घेऊन गेल्या. जोडव्यांचा आवाज फरशीवरून बाहेर गेला तो मी शेवटपर्यंत ऐकला. पेठेत ही गोष्ट कोणत्या रूपात पसरेल, ते त्यांच्याच हाती होते. त्यांनी 'पोरगी बुडत होती' असे म्हटले असते, तर चिटणीसांना काही करावेच लागले नसते. तास आपोआप बंद पडला असता, आणि नरसम्मा कांड्यांवरच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन बसलो. कोणी येईल असे वाटत नव्हते. थोड्या वेळाने जोडवी वाजली. पडद्यापलीकडे कोणीतरी बसले आणि पोते उसवल्याचा 'कर्र' आवाज येऊ लागला. पडद्यातून दाभणाचे टोक माझ्या बाजूला आले, पुन्हा गेले, पुन्हा आले.

"गौराक्का, काय करता आहात?"

"दार करतीय."

"दार?"

"हितनं उसवून कडा शिवून घेते. वर दोन बंद लावते. लागलं तर ओढून आत यायचं, खांदा लावत बसायचं न्हाई." दाभण थांबले. "काल तुमी निम्मं पोतं फाडलं, ते मी बघितलं."

मी म्हणालो, "अक्का, मला वाटलं, तुम्ही आता उमाला पाठवणार नाही."

सुतळी ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण विहिरीत गेली, सर. मी काठावर भांडी घासत हुते. पाठमोरी. ती वरडली असती तर मी पळाले असते की वो. इतकी वर्सं मी म्हंतीय, वरडली का न्हाई गं तू? काल कळलं. वरडता येत न्हाई." दातांनी सुतळी तोडल्याचा आवाज आला. "उमा आलीय. भितीय जरा. तिला कान बुडवायला सांगा, पहिल्यासारखं."

ते दार पुढे कधीही उघडावे लागले नाही. पण ते आहे हे दोन्ही बाजूंना माहीत होते, आणि मला वाटते, त्यामुळे दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या.

राहिली नरसम्माची परीक्षा. ती घेणार कोण? चिटणीसांनाही आत पाहता येईना. शेवटी ते माझ्याच शेजारी खुर्ची टाकून बसले आणि परीक्षा कानांनी झाली. वीट पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग शांतता, तीही मी ओळखीची शांतता म्हणून त्यांना समजावून सांगितली. मग फरशीवर 'ठक्'.

"पण ही वीट तळाचीच कशावरून?" चिटणीसांनी विचारले.

"मग काय आभाळातनं आणली व्हय?" गौराक्का पलीकडून म्हणाल्या.

दुसरा भाग बुडत्या माणसाचा. बुडणारी भारी हवी, अशी चिटणीसांची अट होती. हलक्या पोरीला कोणीही ओढील. पलीकडे कुजबुज झाली आणि मग पाण्यात काहीतरी मोठे, सावकाश उतरल्याचा आवाज आला. कोण उतरले ते मला लगेच कळले नाही, कारण हे पाय मी कधीच ऐकले नव्हते.

मग काहीच आवाज येईना. मी उठलो आणि दाराचे बंद धरले.

"अय्यो! यव्वा! धर की गं नीट! पायजमा सुटला!" गौराक्कांचा आवाज सगळ्या तलावावर घुमला.

"बुडतायत का त्या?" चिटणीस घाबरून म्हणाले.

"नाही," मी बंद सोडून बसलो. "ओरडताहेत. अगदी छान आहेत."

नरसम्मा पगारावर लागली. पुढच्या उन्हाळ्यात पडद्याआड माझी गरज उरली नाही, आणि शिक्षकाचे काम पुरे झाले की त्याने खुर्ची उचलावी, या मताचा मी असल्याने उचलली. थोडी खंत आहे, नाही असे नाही. उमाचे पोहणे शेवटी कसे झाले, नरसम्मा पाण्यात कशी दिसते, हे मला माहीत नाही आणि आता होणारही नाही.

मात्र त्या उन्हाळ्यात एकदा दुपारी सायकलवरून तलावाच्या भिंतीला लागून चाललो होतो. आतून लोखंडावर एक ठोका ऐकू आला आणि मी उतरलो. पाय सुरू झाले. तीन-चार जणींचे चांगले, गोल. एक मात्र गुडघ्यातून आपटत होता, फटाक्, फटाक्. वजनावरून ओळखला. भिंतीवरून ओरडून दुरुस्त करावे, असा मोह मला झाला.

"त्रिज्या, अक्का!" आतून नरसम्माचा आवाज आला. "त्रिज्या!"

"कंपासपेटी आण मग आधी!" गौराक्का म्हणाल्या आणि आपटतच राहिल्या. भिंतीजवळ सावली होती. तो आवाज गोल होईपर्यंत मी तेथे उभा राहिलो.